फोर-सीझन स्लीपिंग बॅग कशी निवडावी

‘फोर-सीझन’ असा शिक्का असलेली स्लीपिंग बॅग बाराही महिने चालेल, अशा समजुतीने पुष्कळ जण ती विकत घेतात आणि नोव्हेंबरात राजमाचीवर किंवा भंडारदऱ्याच्या काठी पहिल्याच मुक्कामाला घामाघूम होऊन मध्यरात्री चेन उघडून झोपतात. हा शिक्का थंड देशांच्या ऋतुचक्रावर बेतलेला आहे आणि त्यातला चौथा ऋतू म्हणजे बर्फातला हिवाळा. व्यवहारात फोर-सीझन बॅग ही सगळ्या ऋतूंची नसून हिवाळ्याची बॅग असते. शिवाय कोणत्या तापमानापर्यंत टिकणाऱ्या बॅगेला फोर-सीझन म्हणावे, हे कोणत्याही मानकाने ठरवून दिलेले नाही. एक उत्पादक उणे ५ अंशांच्या बॅगेवर हा शब्द छापतो, तर दुसरा उणे १५ च्या अलीकडे तो वापरत नाही. म्हणून खरेदीला निघताना हा शब्द बाजूला ठेवावा आणि आपण खरोखर ज्या सर्वांत थंड रात्री बाहेर झोपणार आहोत, त्या रात्रीचे तापमान डोक्यात ठेवून बाजारात शिरावे.

आधी रात्र ठरवावी

महाराष्ट्रातील गडांवर आणि घाटमाथ्यावर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा बहुतेक वेळा ५ ते १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. कळसूबाई, म्हणजे राज्यातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे आहे. एवढ्या उंचीवर वारा अंगाला झोंबतो, हुडहुडीही भरते, पण उणे तापमानासाठी बनवलेल्या बॅगेची गरज सहसा पडत नाही. उत्तराखंडातील केदारकंठा (३८१० मीटर) हिवाळ्यात करायचा असेल, तर तळावर रात्री उणे ५ ते उणे १० अंशांची तयारी ठेवावी लागते. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याच्या ‘चादर’ ट्रेकमध्ये उणे २० किंवा त्याहूनही खाली पारा उतरतो. या तिन्ही ठिकाणी एकच बॅग न्यायची म्हटले, तर ती दोन ठिकाणी तरी चुकीची ठरणार.

ज्या जागेचे तापमान ठाऊक नाही तिथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याचे गाव १९०० मीटरवर असेल आणि तिथे रात्रीचे किमान तापमान २ अंश असेल, तर ३४०० मीटरवरच्या तळावर ते उणे ८ च्या आसपास असेल असे धरावे. या हिशेबाला अपवाद आहे आणि तो आपल्याकडे नेहमी दिसतो. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडला असेल, तर रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट जागी, तलावाकाठी किंवा ओढ्याच्या पात्रात साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा वेण्णा तलावाच्या परिसरातून, बाजारपेठेतून नव्हे, त्याचे कारण हेच. तंबू पाण्यापासून थोडा वर, उतारावरच्या एखाद्या सपाट टप्प्यावर लावला, तर काही अंशांची ऊब फुकट मिळते आणि जास्त जाड बॅगेचे वजनही वाचते.

आलेल्या आकड्यातून आणखी पाच अंश वजा करावेत. दिवसभर चाललेले, कमी जेवलेले, उंचीवर अजून न रुळलेले शरीर घरच्याइतकी ऊब निर्माण करत नाही, आणि स्लीपिंग बॅग स्वतः ऊब देत नसते; ती फक्त शरीराने निर्माण केलेली ऊब निसटू देत नाही.

चिठ्ठीवरचे आकडे

बॅगेच्या अस्तराला किंवा पिशवीला शिवलेली चिठ्ठी ही या खरेदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि दुकानात तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. युरोपात २००२ मध्ये ‘ईएन १३५३७’ हे मानक आले आणि पुढे २०१६ मध्ये त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. दोन्हींची पद्धत मुळात एकच आहे. थंड खोलीत, आतून तापवलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत झोपवतात. त्याच्या अंगात थर्मलचा एक थर, पायांत मोजे आणि खाली मॅट असते. त्याचे तापमान टिकवायला किती ऊर्जा लागते, यावरून बॅगेचे आकडे काढले जातात.

चिठ्ठीवर तीन आकडे पाहावेत. ‘कम्फर्ट’ हा आकडा सर्वसाधारण स्त्री सैलपणे, न कुडकुडता झोपू शकेल असे तापमान सांगतो. ‘लिमिट’ हा आकडा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, पण आठ तास झोप काढू शकेल अशी मर्यादा दाखवतो. ‘एक्स्ट्रीम’ हा झोपेचा आकडा नाहीच. त्या तापमानात सर्वसाधारण स्त्री सहा तास जिवंत राहील, मात्र तिला हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरण्याचा, आणि हिमदंशाचा धोका असेल, असा त्याचा अर्थ आहे. एखाद्या बॅगेवर कम्फर्ट उणे ५, लिमिट उणे ११ आणि एक्स्ट्रीम उणे २९ असे आकडे असतील, तर ती उणे ५ ची बॅग आहे. जाहिरातीत मात्र ‘उणे २९ पर्यंत’ असे ठळक अक्षरांत झळकते, आणि ते वाचून चादरला निघालेला माणूस फसतो.

लिमिटचा आकडा पुरुषांसाठी असतो, म्हणून पुरुषांनी त्यावर बॅग घ्यावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मला तो पटत नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यात वाढलेल्या आणि वर्षातून जेमतेम चार थंड रात्री पाहणाऱ्या माणसाने, पुरुष असो वा स्त्री, कम्फर्टच्याच आकड्यावर बॅग घ्यावी. ज्यांना मुळातच थंडी फार वाजते, ज्यांचे पाय रात्री गार पडतात किंवा ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, त्यांनी कम्फर्टचा आकडाही दोन-तीन अंशांनी आणखी खालचा निवडावा. स्त्रियांसाठी वेगळ्या मापाच्या बॅगा मिळतात. त्या लांबीला कमी आणि कमरेशी रुंद असतात आणि त्यांच्या पायांकडच्या भागात जास्त भरण असते, म्हणून मिळाल्यास त्यांचा जरूर विचार करावा.

ज्या बॅगेवर ‘उणे १०’ एवढाच एक आकडा छापलेला आहे, पण तो कम्फर्ट की लिमिट हे सांगितलेले नाही आणि मानकाचाही उल्लेख नाही, तिच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. अशी बॅग सह्याद्रीत कदाचित उत्तम काम देईल. बर्फात तिची परीक्षा घेण्याची गरज नाही.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून बॅग मागवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तिकडचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. तिकडची ‘२० डिग्री’ची बॅग म्हणजे आपल्या मोजणीने सुमारे उणे ७ अंशांची आणि ‘० डिग्री’ची बॅग म्हणजे सुमारे उणे १८ अंशांची. शिवाय बॅगेच्या नावातला आकडा तिथे पुष्कळदा लिमिटचा असतो, कम्फर्टचा नव्हे. ‘० डिग्री’ला शून्य सेल्सिअस समजून मागवलेली बॅग सह्याद्रीत अंगावर घेववत नाही, आणि उलट दिशेची चूक हिमालयात महागात पडते.

मॅटचा हिशेब बॅगेच्या आधी

चिठ्ठीवरचे आकडे चांगल्या मॅटवर झोपल्याचे गृहीत धरून काढलेले असतात, ही गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते. बॅगेची ऊब तिच्या भरणात अडकलेल्या हवेत असते. पाठीखालचे भरण शरीराच्या वजनाने चेपले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि तिथे ऊब अडवायला जवळजवळ काहीच उरत नाही. उणे १५ ची बॅग पातळ मॅटवर टाकली, तर वरून ऊब आणि खालून बर्फ अशी अवस्था होते. पाठ गार पडली की माणूस बॅगेला दोष देतो आणि पुढच्या वेळी आणखी जाड बॅग घेतो.

मॅटची क्षमता ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यात सांगितली जाते. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीकडे जाणारी ऊब जास्त अडते. आपल्या ओळखीची, सॅकला बाहेरून बांधायची फोमची कॅरीमॅट साधारण १ ते २ आर-व्हॅल्यूची असते आणि सह्याद्रीतल्या मुक्कामाला पुरते. बर्फावर झोपायचे असेल, तर हा आकडा किमान ४ ते ५ असावा. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, ही मोठी सोय आहे: हवा भरायच्या ३ आर-व्हॅल्यूच्या मॅटखाली २ ची फोम मॅट टाकली की ५ मिळतात, शिवाय हवेची मॅट रात्री कुठे फुटलीच तर खाली काहीतरी उरते. एकूण बजेट मर्यादित असेल, तर बॅगेवरचे दोन-तीन हजार कमी करून ते मॅटवर घालावेत, असेच मी कोणालाही सांगेन.

पिसे की कृत्रिम धागा

भरणाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक म्हणजे डाऊन: बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावर, वरच्या पिसांखाली असणारा, कणा नसलेला मऊ पुंजका. दुसरा म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांचे कृत्रिम भरण. त्याच उबेसाठी डाऊनची बॅग बरीच हलकी असते, दाबल्यावर लहान होते आणि नीट सांभाळली तर कितीतरी वर्षे टिकते. उणे १० कम्फर्टची डाऊन बॅग दीड किलोच्या आसपास मिळू शकते. त्याच आकड्याची कृत्रिम बॅग दोन-अडीच किलोंची असते आणि सॅकचा तळ भरून टाकते. किमतीत मात्र डाऊन बहुधा दुप्पट-तिप्पट असते.

डाऊनचा मोठा शत्रू ओल आहे. पिसे भिजली की एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, त्यांच्यातली हवा जाते आणि कापडाच्या दोन थरांमध्ये चार ओल्या ढेकळांखेरीज काही उरत नाही. कृत्रिम धागा भिजला तरी थोडी हवा धरून ठेवतो आणि पिळून, वाऱ्यावर टाकला की लवकर वाळतो. पाण्याला दूर ठेवणारी प्रक्रिया केलेली डाऊन हल्ली मिळते. तिने दमटपणा काही काळ थोपवता येतो, पण पावसात भिजलेली बॅग वाचत नाही.

म्हणूनच कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात घाटमाथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी डाऊनच्या नादी लागू नये. जुलै-ऑगस्टात गुहेत किंवा देवळात झोपताना थंडी फारशी नसते; बाधते ती सगळीकडे झिरपणारी ओल. लडाखसारख्या कोरड्या प्रदेशात किंवा हिमालयाच्या बर्फात, जिथे पाणी द्रवरूपात फारसे भेटत नाही आणि दुपारी लख्ख ऊन मिळते, तिथे डाऊनला तोड नाही.

डाऊनचा दर्जा ‘फिल पॉवर’ने मोजतात: सुमारे २८ ग्रॅम डाऊन मोकळी सोडल्यावर किती घनइंच जागा व्यापते, तो हा आकडा. ६०० फिल पॉवर म्हणजे एवढीशी पिसे जवळपास १० लिटर जागा भरतात. ५५० ते ६५० चा दर्जा चांगला आणि ८०० चा उत्कृष्ट समजला जातो. विक्रेते हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात आणि आत भरण किती ग्रॅम आहे, हे सांगायचे विसरतात. ८०० फिल पॉवरची ३०० ग्रॅम डाऊन असलेल्या बॅगेपेक्षा ६०० फिल पॉवरची ६०० ग्रॅम डाऊन असलेली बॅग नक्कीच जास्त उबदार असते, कारण एकूण अडकणारी हवा दुसरीत दीडपट आहे. पहिली हलकी आहे, एवढेच. दोन्ही आकडे एकत्र विचारावेत. सांगता आले नाहीत, तर दुसऱ्या दुकानाची वाट धरावी.

जिवंत पक्ष्यांची पिसे उपटली जाऊ नयेत आणि त्यांना बळजबरीने चारले जाऊ नये यासाठी ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र २०१४ पासून अस्तित्वात आहे. ज्यांना प्राण्यांपासून मिळालेली वस्तू अंगाला लावायचीच नाही, त्यांच्यासाठी कृत्रिम भरण हा सरळ मार्ग आहे; वजनाची किंमत तेवढी मोजावी लागते.

शिलाई, टोपी आणि माप

हिवाळी बॅगेत भरण किती आहे याइतकेच ते कसे शिवले आहे, हेही महत्त्वाचे. स्वस्त बॅगांत बाहेरचे आणि आतले कापड आरपार टाके घालून जोडलेले असते, गोधडीसारखे. त्या टाक्यांच्या रेषेवर भरण शून्य असते आणि तिथून थंडी सरळ आत येते. १० अंशांच्या मुक्कामाला हे चालून जाते. उणे तापमानासाठी दोन कापडांमध्ये उभ्या पडद्या घालून कप्पे केलेली, म्हणजे ‘बॉक्स बॅफल’ रचनेची डाऊन बॅग घ्यावी. कृत्रिम भरणाच्या बॅगेत दोन थर असे रचलेले असावेत की एकाचे टाके दुसऱ्याच्या भरणाखाली झाकले जातील.

चेनच्या मागे आतून भरणाची जाड नळी धावत असली पाहिजे, कारण धातूची असो वा प्लास्टिकची, चेन ही गारठ्याची उघडी फट असते. मानेभोवती दोरीने आवळता येणारी भरणाची पट्टी हिवाळी बॅगेत असलीच पाहिजे. ती नसेल तर कूस बदलली की छातीजवळची गरम हवा फुंकर मारल्यासारखी बाहेर जाते. टोपी डोक्याभोवती घट्ट बसावी आणि तोंडापुरतीच गोल फट राहावी. पायांकडचा भाग पावले सरळ उभी राहतील एवढा खोल असावा, नाहीतर बोटांनी भरण चेपले जाते आणि पहाटे पहिल्यांदा बोटेच बधिर होतात.

आकारात चौकोनी बॅग ऐसपैस असते आणि पूर्ण उघडून पांघरताही येते, पण थंडीसाठी ममीच्या आकाराची, पायांकडे निमुळती होत जाणारी बॅगच घ्यावी. बॅग उंचीपेक्षा फार लांब असेल, तर रिकामी जागा गरम करण्यात शरीराची ऊब वाया जाते. फार तोकडी किंवा घट्ट असेल, तर खांदे आणि गुडघे भरणाला आतून दाबतात. आपल्या उंचीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर लांबी जास्त असली की पुरते. कुशीवर झोपण्याची सवय असेल, तर खांद्यांशी थोडी रुंद बॅग घ्यावी, आणि कूस बदलताना बॅगेलाही सोबत फिरवायला शिकावे, म्हणजे टोपी तोंडावर येत नाही.

एका जाड बॅगेऐवजी दोन

वर्षभर सह्याद्रीत हिंडणाऱ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी हिमालयात जाणाऱ्या मराठी ट्रेकरने एकच जाड फोर-सीझन बॅग घ्यावी, असे मला वाटत नाही. त्याऐवजी दोन बॅगा घ्याव्यात: कम्फर्ट ८ ते १० अंशांची, जरा सैल अशी कृत्रिम भरणाची एक, आणि कम्फर्ट उणे ५ च्या आसपासची डाऊनची दुसरी. पहिली गडांवर, शाळेच्या पडवीत, गावातल्या देवळात वर्षभर वापरली जाते. दुसरी हिमालयात ऑक्टोबर-नोव्हेंबरला एकटी पुरते. बर्फातल्या मोहिमेला डाऊनची बॅग आत आणि कृत्रिम बॅग बाहेर अशा दोन्ही एकात एक घालाव्यात.

या जोडीचे तापमान काढण्याचा एक ठोकताळा आहे. २१ मधून पातळ बॅगेचे तापमान वजा करावे, उत्तराचे निम्मे करावे आणि तेवढे अंश जाड बॅगेच्या तापमानातून खाली उतरावे. पातळ बॅग ८ ची आणि जाड बॅग उणे ५ ची असेल, तर २१ मधून ८ गेले १३, त्याचे निम्मे साडेसहा, म्हणजे जोडी साधारण उणे साडेअकरापर्यंत काम देते. केदारकंठ्याच्या हिवाळ्याला हे पुरते, चादरला नाही. बाहेरची बॅग आतल्या बॅगेचे भरण दाबणार नाही एवढी मोठी हवी, ही अट मात्र पाळलीच पाहिजे.

या रचनेचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सलग अनेक रात्रींच्या मोहिमेत कळतो. झोपेत शरीरातून सतत वाफ बाहेर पडत असते. फार थंडीत ही वाफ भरणातून बाहेर जाता जाता वाटेतच गोठते. एकट्या डाऊन बॅगेत ती पिसांत साठते आणि बॅग रोज थोडी जड, थोडी चपटी होत जाते. दोन बॅगा असतील, तर वाफ बहुतांशी बाहेरच्या कृत्रिम बॅगेत पोचून गोठते आणि आतली डाऊन कोरडी राहते. सकाळी बाहेरची बॅग उलटी करून झटकली की तिच्या कापडावरून हिमाचे बारीक कण झडताना दिसतात. उणे २० च्या खालच्या मोहिमांसाठी शरीराची वाफ आतच अडवणारे अभेद्य अस्तरही मिळते; ते दमट आणि चिकट वाटते, म्हणून त्याआधी घरी एक रात्र काढून सवय करून घ्यावी.

रेशमी किंवा सुती अस्तराने, म्हणजे लायनरने, बॅग स्वच्छ राहते आणि ऊबही थोडी वाढते. अस्तराने ‘आठ-दहा अंश’ वाढतात, या दाव्यावर विसंबून बॅग निवडू नये. रेशमी अस्तरापासून दोन-तीन अंशांची अपेक्षा ठेवणे ठीक.

दुकानात काय पाहावे

बॅग पिशवीतून काढायला सांगावी आणि तिला निदान अर्धा तास मोकळी पसरून ठेवावी. दाबून ठेवलेले भरण लगेच फुलत नाही. मग ती खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरून प्रत्येक कप्पा पाहावा. जिथे उजेड आरपार येतो, तिथे भरण नाही. डाऊनच्या बॅगेत मुठीत एक कप्पा धरून हलकेच चुरगाळावा: टोचणारे कणे पुष्कळ लागले, तर डाऊनमध्ये साधी पिसे जास्त मिसळलेली आहेत. शिलाईतून पिसे बाहेर डोकावत असतील, तर ती बॅग परत घडी करायला सांगावी.

त्यानंतर जोडे काढून, अंगात जॅकेट घालून बॅगेत शिरावे, टोपी आवळावी आणि डोळे मिटून चेन आतून उघडून पाहावी. मध्यरात्री लघवीला उठताना हीच हालचाल अंधारात, हातमोजे घालून करायची असते. चेनमध्ये आतले कापड वारंवार अडकत असेल, तर दुसरी बॅग मागावी. दुकानदार घाई करत असेल, तर करू द्यावी.

भाड्याने घेणे

हिमालयातील एकाच ट्रेकसाठी उणे १५ ची बॅग विकत घेणे बहुतेकांना परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. लेह, मनाली, काठमांडूचा थामेल भाग, केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांक्री अशा ठिकाणी बॅगा भाड्याने मिळतात, आणि मोहीम आखणाऱ्या बहुतेक संस्था स्वतःच बॅगा देतात. भाड्याच्या बॅगेचा दोष असा की ती शेकडो वेळा दाबली गेलेली असते. चिठ्ठीवरचा आकडा नव्या बॅगेचा असतो. चपट्या झालेल्या जुन्या बॅगेकडून तेवढी ऊब मिळत नाही. त्यामुळे भाड्याची बॅगही उजेडासमोर धरून पाहावी, चेन चालवावी, नाकाशी धरून कुबट वास येतो का हे बघावे आणि आपले स्वतःचे अस्तर न चुकता सोबत न्यावे. शंका आली, तर दोन बॅगा मागाव्यात. हीच तपासणी संस्थेने दिलेल्या बॅगेचीही, पायथ्याच्या गावातच, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करावी. वरच्या तळावर बदलून द्यायला कोणाकडे काही नसते.

वापर आणि साठवण

झोपण्यापूर्वी दिवसभराचे घामेजलेले कपडे बदलावेत, कोरडे मोजे घालावेत आणि काहीतरी खाऊनच आत शिरावे. सगळे कपडे अंगावर चढवून बॅग आतून ठासून भरू नये. जास्तीचे जॅकेट वरून पांघरले तर अधिक उपयोग होतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवली की पाय लवकर ऊब धरतात. कितीही थंडी वाजली तरी तोंड बॅगेच्या आत घेऊ नये, कारण श्वासातली वाफ सरळ भरणात जाते.

घरी परतल्यावर बॅग दोन दिवस सावलीत वाऱ्यावर पसरावी आणि मग बारीक पिशवीत कोंबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत किंवा उशीच्या जुन्या खोळींत सैलसर भरावी, नाहीतर कपाटात टांगून ठेवावी. किनारपट्टीवरच्या घरांत पावसाळ्यात तिला बुरशी लागते. ऊन पडले त्या त्या दिवशी बाहेर काढावी. डाऊनची बॅग वर्षातून एकदाच, फार तर दोनदा, डाऊनसाठीच्या साबणाने धुवावी. ड्रायक्लीनिंगला देऊ नये. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली, तर पाण्याच्या वजनाने आतल्या पडद्या फाटतात, म्हणून ती दोन्ही हातांनी खालून उचलावी, पिळू नये आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉलसोबत वाळवावी. ड्रायर नसेल, तर पंख्याखाली आडवी पसरून दर काही तासांनी कप्प्यांमधल्या गुठळ्या बोटांनी सोडवाव्यात. याला दोन-तीन दिवस लागतात, आणि शेवटची गुठळी सुटेपर्यंत बॅग घडी करू नये.